ड्रोनची रजई

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज ड्रोन घरात आला. सोमनाथने पिकअपमधून आणला आणि दोघांनी धरून मागच्या खोलीत ठेवला. आमच्या भागातल्या शेतकऱ्यांनी मिळून एक कंपनी काढली आहे, सोमनाथ तिचा मॅनेजर. ड्रोन कंपनीचा, उडवणार माझी नात माहेनूर. मुलीची मुलगी. कॉलेजसाठी मालेगावहून माझ्याकडे लासलगावला आली ती इथलीच झाली. नाशिकला जाऊन शिकली, परवाना काढला. आता कांद्यावर औषध फवारणार, तेही बांधावर उभी राहून.

सोमनाथ जाताना म्हणाला, "हा सीझन बघू. मशीन नीट राहिलं, फवारण्या वेळेवर झाल्या, तर ड्रोन कायमचा तुझ्याकडे. नाहीतर विंचूरचा जीवन टपून बसलाय. त्याचाही परवाना झालाय."

माहेनूर म्हणाली, "बसू दे त्याला. पाय दुखतील."

पोरगी हसत होती, पण सोमनाथ गेल्यावर दाराची कडी तिने पुन्हा पुन्हा लावून पाहिली.

६ नोव्हेंबर, गुरुवार

ड्रोनचं सगळं शिकून घेतलं. मी शाळेत गेलेलो नाही. गाद्या बांधायला रद्दीचे पेपर यायचे, त्यावरून अक्षरं जुळवली. घरात आम्ही हिंदी-मराठी मिसळून बोलतो, पण लिहायचं म्हटलं की मला मराठीच येतं. त्यामुळे शिकायची लाज नाही मला. माहेनूर सांगत गेली, मी विचारत गेलो.

याला सहा हात. प्रत्येक हाताच्या टोकाला मोटर, तिच्यावर पाती. काम झालं की हात दुमडून बसतो, उंटासारखा. पोटात औषधाची टाकी. फवारणी झाली की टाकी तीन पाण्याने धुवायची, तांदूळ धुवावेत तशी, आणि स्वच्छ पाणी नळीतून, तोटीतून सोडायचं. औषध आत वाळलं तर तोटी बुजते. मी म्हटलं, बुजली तर सुईने मोकळी करून देतो, सुया काय माझ्याकडे ढीगभर आहेत. ती ओरडलीच. "नाना, सुई नाही! मऊ ब्रश. भोक मोठं झालं तर एका वाफ्याला जास्त औषध, दुसऱ्याला कमी."

पात्याच्या कडेवरून बोट फिरवायचं, चीर लागते का बघायची. मोटर हाताने फिरवायची. आवाज न करता फिरली तर ठणठणीत. खरखरली, अडकली, तर उडवायचं नाही.

आणि बॅटरी. हिची तऱ्हा वेगळी. ठेवून द्यायची असेल तेव्हा पूर्ण भरायची नाही आणि रिकामीही करायची नाही, अर्ध्यावर ठेवायची. मला पटलं. तुडुंब जेवून झोपलं की माणूस फुगतो, उपाशी झोपला की सकाळी उठवत नाही. बॅटरीचंही तसंच. फुगलेली बॅटरी पेट घेते म्हणे, म्हणून कापूस आणि बॅटरी एका छपराखाली नकोत. अंगणातल्या जुन्या न्हाणीघरात सिमेंटच्या कट्ट्यावर पत्र्याची पेटी, तीत खाली वाळू, त्यात बॅटऱ्या. पोरीने सगळा विचार केला आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

लंकाबाई गादी पिंजायला घेऊन आली. टाकळीच्या रस्त्याला तिचं शेत आहे, बाई बोलायला तिखट. मी पुढच्या खोलीत यंत्र सुरू केलं. कापूस पिंजायला लागलो की आमच्या घरात पांढरं धुकं होतं. चहा आला की कपावर फुंकर मारायची, तूस बाजूला सारायचं आणि प्यायचं. पन्नास वर्षं असाच पितो आहे.

लंकाबाई पदर नाकाला लावून मागे डोकावली. "चाचा, ह्यो भुंगा का? मला वाटलं लय मोठा असंल."

"पाय पसरले की मोठा होतो."

"माझा नवराबी तसाच हाय. अन् हा उडवणार कोण, ही काडी?"

माहेनूर म्हणाली, "काकू, मी उडवणार नाही, तो स्वतःच उडतो. मी फक्त ओरडते."

"मंग जमंल तुला." लंकाबाईने जागच्या जागी आपल्या कांद्याची फवारणी सांगून टाकली. जानेवारीत कांद्याची रोपं उभी राहिली की तिचाही नंबर.

२९ नोव्हेंबर, शनिवार

माहेनूरच्या आईचं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन. म्हणून माहेनूर मालेगावला गेली, डिसेंबर संपत येईस्तोवर येणार नाही. जाताना घर माझ्यावर सोपवलं नाही, ड्रोन सोपवला.

"नाना, बॅटरी हातात घेऊन फुगली नाही ना बघायचं. बाकी ड्रोनला काही करू नका. झाकून ठेवा, बास."

झाकून ठेवायला मला शिकवते! बापजाद्यांचा धंदाच तो.

११ डिसेंबर, गुरुवार

थंडी म्हणजे थंडी. पेपरात आमच्या निफाडच्या पाऱ्याचा आकडा पहिल्या पानावर. सकाळी नळाची तोटी हाताला चिकटते. पहाटे फजरच्या नमाजाआधी वजूला हातपाय धुताना बोटं आपली आहेत का परक्याची ते कळत नव्हतं.

परत येताना मागच्या खोलीत डोकावलो. ड्रोन सिमेंटच्या फरशीवर, वर प्लास्टिकचा पातळ कागद. हात लावला तर त्याचं अंग गार पडलेलं. माहेनूरच म्हणाली होती की थंडीत मशीन सुस्त होतं. बॅटरीला कापूस लावू नको हे मला माहीत आहे, लावणार नाही. पण ड्रोनला तर ती झाकून ठेवा म्हणाली होती. झाकायचं तर नीट झाकावं. पाहुण्याला आपण फाटकी चादर देतो का?

१३ डिसेंबर, शनिवार

रजई झाली. आयुष्यात हजारो शिवल्या पण अशी नाही. सहा हातांना सहा कप्पे, मधल्या अंगाला वेगळी घडी. कापूस नवा, वऱ्हाडातला, दोनदा पिंजला. पिंजताना ड्रोन मापाला शेजारीच ठेवला होता. खोळ सुती, निळ्या फुलांची. माहेनूरच्या नानीने बाळंतविड्यासाठी आणून ठेवलेलं कापड होतं ते, कुणाच्या बाळंतपणात वापरलं गेलंच नाही.

एकेक हात कप्प्यात घातला. मोटरीपाशी घट्ट दाबून बसवला, म्हणजे वारा शिरायला नको. लहान पोराला टोपडं बांधतो तसं झालं. नानी असती तर हसली असती.

२८ डिसेंबर, रविवार

माहेनूर आली. आईची तब्येत बरी. चप्पल काढायच्या आत मागच्या खोलीत गेली आणि तिथूनच खिदळण्याचा आवाज आला.

"नाना! याला थंडी वाजत नाही हो!"

"तुला कोणी सांगितलं? त्याने?"

तिने फोटो काढला, आईला पाठवला. मग रजईवरून हात फिरवत बसली. नानीचं कापड तिने ओळखलं. म्हणाली, "इतकी सुंदर रजई मला नाही केलीत कधी."

"तुझं लग्न ठरव. दोन करतो."

मग तिने रजई काढली, पाती पुसली, एका मोटरीवर चिकटलेलं काहीतरी फुंकरीने उडवलं. सगळं ठीक म्हणाली. मी विचारलं, रजई रोज घालू ना? ती जरा थांबली आणि म्हणाली, "घाला."

९ जानेवारी, शुक्रवार

पहिल्या फवारण्या झाल्या. मी बघायला गेलो नाही, दुकान होतं, पण बातम्या येतात. कोटमगाव रस्त्याच्या एका शेतात माणसं जमली होती म्हणे. एक म्हातारा म्हणाला, पाठीवर पंप घेऊन आमचं कंबरडं गेलं, आता मशीन उडतं, आम्ही बसून बघतो, हे काही खरं नाही. माहेनूर म्हणाली, "बाबा, मग तुम्ही उभं राहून बघा."

संध्याकाळी दमून आली. मी टाकी धुतली, तीन पाण्याने. तोट्या ब्रशने. पाती पुसली. मग रजई. सोमनाथचा फोन आला होता, खूश आहे. जीवनला अजून बसू दे.

१६ जानेवारी, शुक्रवार

वाईट झालं. लंकाबाईच्या शेतात ड्रोन पडला.

पडला म्हणजे आदळला नाही, माहेनूरने उतरवला. पण अर्ध्या वावरात असताना पडद्यावर एक मोटर गरम दाखवायला लागली, ड्रोन एका अंगाला कलला, आणि बांधापर्यंत आणायच्या आत तिला तो उभ्या कांद्यात खाली घ्यावा लागला. एक पातं तुटलं. वाफा चेपला.

लंकाबाई काय म्हणाली ते माहेनूरने सांगितलं नाही. ते मला लंकाबाईनेच फोन करून सांगितलं. "चाचा, तुमचा भुंगा माझ्या कांद्यावर म्हशीवानी बसला नं!" मग म्हणाली, "पोरगी लय घाबरली व्हती. तिला जेवू घाला."

जेवली नाही.

१७ जानेवारी, शनिवार

कारण शोधतो आहे. माझा संशय उंदरावर. कांद्याच्या गावात उंदरांना तोटा नाही, आणि वायर कुरतडणं हा त्यांचा धंदा. मागच्या खोलीत पिंजरा लावला. माहेनूरने वायर तपासल्या, एकही कुरतडलेली नाही. तरी पिंजरा असू दे.

तिने गरम झालेली मोटर हाताने फिरवली. जराशी जड वाटली तिला. मला काही वाटली नाही, पण माझ्या बोटांना सुईने घट्टे पडले आहेत, मला काय कळणार. तिने नवीन पातं लावलं. मी रजईच्या कप्प्यांत आणखी थोडा कापूस भरला, कारण मोटरी हादरल्या असतील.

२४ जानेवारी, शनिवार

आज तर तोंडावर पडलो. सोमनाथने कंपनीच्या संचालकांना ड्रोन दाखवायला बोलावलं होतं, त्याच्याच शेतात. मीही नवी टोपी घालून गेलो. सगळे उभे. माहेनूरने बटण दाबलं. पाच मोटरी फिरल्या. सहावी गुरगुरली, अर्धा वेढा घेतला आणि बंद.

पुन्हा केलं. पुन्हा तेच.

एक संचालक म्हणाले, "मुलीला जमत नसेल तर उगाच..." मागे जीवन उभा होता. विंचूरहून खास आला होता बिचारा. चांगला मुलगा आहे, खाली बघत होता. त्याला ह्याच संचालकांनी बोलावलं ते कळलं मला.

परतताना माहेनूर गाडीत म्हणाली, "नाना, शेतात जायच्या आधी मोटर फिरवून बघितली होती. थोडी अडकत होती. मला वाटलं, चालेल."

हे तिने सोमनाथला सांगू नये म्हणून मी देवाला विनवतो आहे.

२७ जानेवारी, मंगळवार

नाशिकरोडहून फरहान नावाचा कारागीर आला. ड्रोन, कॅमेरे दुरुस्त करतो. तरुण आहे, बोलणं मोजकं. त्याने माझ्या दुकानातच टेबल मांडलं, कारण उजेड तिथे चांगला. मी यंत्र बंद केलं, आवाज नको म्हणून.

त्याने सहावी मोटर उघडली आणि वाकून बघत राहिला. मग चिमटा घेतला आणि काहीतरी ओढलं. ओढतच राहिला. "अरे, हे काय..." म्हणाला.

माहेनूरने त्याच्या हाताकडे बघितलं, वर छताकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "नाना, चहा सांगता? आलं जास्त घालायला सांगा. तुम्ही स्वतः जा, टपरीवरचा तो पोऱ्या आलं घालत नाही."

गेलो. गर्दी होती, वेळ लागला. आलो तर सगळ्या मोटरी उघडून पुसून पुन्हा बसवलेल्या.

"काय निघालं?"

फरहान म्हणाला, "धूळ."

"कुठली धूळ?"

"शेतातली," माहेनूर म्हणाली.

फरहानने कपावरचं तूस बोटाने काढलं, चहा प्याला. मला विचारलं, "चाचा, किती वर्षांचा धंदा?" मी त्याला बापापासून सगळं सांगितलं. धनुकलीने पिंजायचे ते दिवस, मग यंत्र. त्या पोराने सगळं ऐकून घेतलं. आजकाल कोण ऐकतं?

शेतातली धूळ म्हटल्यावर मला उपायही सुचला. म्हटलं, दुहेरी कापसाची रजई करतो, कण शिरणार नाही. तर माहेनूर एवढ्या जोरात "नको!" म्हणाली की फरहानचा कप हिंदकळला. मग हळू म्हणाली, "नाना, तुमचे डोळे... एवढं शिवण नको आता."

डोळ्यांची काळजी करते. पण डोळे चांगले आहेत माझे.

३० जानेवारी, शुक्रवार

जुम्म्याची नमाज झाल्यावर कंपनीच्या गोदामात बैठक. ड्रोन माहेनूरकडे ठेवायचा की जीवनला द्यायचा, एवढाच विषय. संचालक, सोमनाथ, आणि सभासद म्हणून लंकाबाई. मला कोणी बोलावलं नव्हतं, मी आपला गेलो.

सोमनाथने विचारलं, "बिघाड कशामुळे?"

माहेनूर उभी राहिली. "माझी चूक. ठेवणूक नीट झाली नाही, आणि मोटर अडकते हे दिसत असून मी उडवलं."

माझं डोकं फिरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी! शेतातली धूळ शेतात लागते, तिच्यात पोरीची काय चूक? आणि ठेवणूक? मी उठलो.

"ठेवणुकीचं मला विचारा. ठेवणूक माझ्याकडे होती. टाकी तीन पाण्याने धुतो. तोटीला सुई लावत नाही. बॅटरी अर्ध्या पोटी, वाळूत, कापसापासून लांब. आणि ड्रोनला तर मी नव्या कापसाची रजई शिवली. रोज संध्याकाळी एकेक मोटर कापसात दाबून बसवतो! याहून चांगली ठेवणूक कोणाकडे असेल तर दाखवा!"

संचालकांनी एकमेकांकडे बघितलं. सोमनाथ पेनाचं टोपण काढत होता, लावत होता. जीवनने माझ्याकडे बघितलं आणि लगेच मान वळवली. माझं बोलणं पटलं असावं.

माहेनूर म्हणाली, "नानांनी सांगितलं तेवढंच केलं. मी झाकून ठेवा म्हटलं होतं. कसं झाकायचं ते मी सांगितलं नाही. परत आल्यावर बघितलं, तरी बोलले नाही. ड्रोनची जबाबदारी माझ्या सहीवर आहे, त्यांच्या नाही."

मी पुन्हा उठणार तोच लंकाबाईने माझी बाही ओढली. "चाचा, बसा. पोरीला बोलू द्या."

मग लंकाबाईच बोलली. "कांदे माझे चेपले. मी काय म्हणते ते ऐका. माझ्या कांदाचाळीशेजारची खोली मोकळी हाय. फरशी हाय, पत्रा हाय, कुलूप हाय. भुंगा तिथं ठेवा. अन् पोरीला सीझन पुरा करू द्या. तिनं चूक झाकली नाय. झाकणारा बरा का सांगणारा बरा?"

बराच वेळ कुजबुज झाली. शेवटी ठरलं, फेब्रुवारी संपेस्तोवर माहेनूर. एकदा जरी बिघाड झाला तर ड्रोन विंचूरला.

मला दोन गोष्टी कळल्या नाहीत. जिचे कांदे चेपले तीच जागा देते, ही एक. आणि जागा बदलायचं कारणच काय, ही दुसरी. माझ्या घरात काय कमी होतं?

२ फेब्रुवारी, सोमवार

ड्रोन नेला. माहेनूर म्हणाली, शेताजवळ बरं पडेल, रोजची ने-आण वाचेल. खरं आहे. रजई तिने घडी करून आपल्या पलंगावर ठेवली. म्हणाली, "ही मला."

"अगं पण तिकडे उघड्यावर..."

"तिकडे पेटी आहे नाना. फरहानने पाठवली. झाकणाला रबर आहे, हवासुद्धा शिरत नाही."

मागची खोली मोकळी झाली. संध्याकाळी टाकी धुवायची वेळ झाली आणि हात रिकामे. उंदरांचा पिंजरा तिथेच होता. त्यात एक चिमणी अडकली होती, सोडली.

रागावलो आहे का मी? आहे थोडा. पोरीवर नाही. कोणावर ते कळत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

लंकाबाईकडे गेलो, ड्रोन बघायला. दुकानातूनच तडक गेलो. दारात लंकाबाई आडवी आली.

"चाचा, थांबा. आंग झटका आदी."

"का?"

"झटका म्हणते नं!" तिने खांद्यावरचा टॉवेल घेतला आणि मला झटकायलाच लागली. पाठ, बाह्या, टोपी, दाढीसुद्धा. बैल धुवावा तशी. तिची सून हसत होती. लंकाबाई म्हणाली, "पोरीनं सांगून ठेवलंय, असं कुणी आत यायचं नाय."

"असं म्हणजे कसं?"

लंकाबाई थांबली. टॉवेल बघितला, वळवला आणि बांधावर जाऊन झटकला. "काय नाय. माझ्या खोलीत मला घाण चालत नाय."

लंकाबाईचा स्वभावच तसा. मी बाहेरूनच बघून आलो.

९ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी यंत्र सुरू होतं. पत्र्याच्या भोकातून उन्हाची तिरीप येते ती फळीवर पडली होती. मी यंत्र बंद केलं आणि तिरिपीत बघत बसलो. यंत्र बंद होऊन किती वेळ झाला तरी तिच्यातलं काही खाली बसत नव्हतं.

मग स्टुलावर चढून पंख्याची पाती पुसली. मग पंख्याच्या मोटरीतलं तूस ओढून काढलं.

आज एकही गादी भरली नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

यंत्र अंगणातल्या शेडमध्ये हलवलं. दोन हमाल लावले. माहेनूरने विचारलं, का? म्हटलं, खोकला येतो. ती म्हणाली, तुम्हाला कधी खोकला आला नाना? मी खोकून दाखवला.

संध्याकाळी लंकाबाईकडे गेलो. माहेनूर आत टाकी धूत होती.

"नाना, आत या ना."

"नको. इथून दिसतं."

"अंग झटकून या."

"इथून चांगलं दिसतं गं. तू कर तुझं."

दाराबाहेर दगडावर बसलो. ती एकेक काम करताना मोठ्याने सांगत होती. पहिलं पाणी, दुसरं पाणी, तिसरं पाणी. पातं एक, चीर नाही. पातं दोन. मी विचारलं नव्हतं.

२५ फेब्रुवारी, बुधवार

रोजे चालू आहेत, पण थंडी ओसरली म्हणून त्रास नाही. बाजारात यादवच्या कापडाच्या दुकानात गेलो. म्हटलं, टेरिकॉटचा सदरा दाखव, गुळगुळीत, ज्यावर काही चिकटत नाही असा.

यादवने चष्मा वर केला. "पिंजाऱ्याच्या अंगावर टेरिकॉट? चाचा, तुमचे वाडवडील कबरीत उठून बसतील."

"बसू दे. त्यांना माप विचार, एकेक त्यांनाही दे."

पायजमाही त्यातलाच घेतला. अंगाला लागतो, घाम जिरत नाही, आवाज करतो. सवय होईल.

२८ फेब्रुवारी, शनिवार

शेवटची फवारणी परवाच झाली. सोमनाथ सकाळी लंकाबाईकडे आला, मीही गेलो. त्याने माहेनूरला सांगितलं की महिनाभर एकही तक्रार आली नाही, पुढच्या सीझनलाही ड्रोन तिच्याचकडे. जीवनला गव्हासाठी दुसरा बघतो म्हणाला. "मशीन आता पावसाळ्यापर्यंत नीट धुऊनपुसून ठेव." माहेनूरने फक्त मान हलवली. सोमनाथची गाडी वळणावरून गेली तेव्हा मात्र तिने लंकाबाईला मिठी मारली, आणि लंकाबाई म्हणाली, "सोड गं, शेणाचे हात हायेत."

ड्रोन बरेच दिवस ठेवायचा म्हणजे सगळंच साफ करायचं. माहेनूर आत गेली. मी लंकाबाईच्या न्हाणीत हातपाय धुतले, दाढी ओली करून विंचरली, पिशवीतला सदरा-पायजमा घातला. दुकानातले कपडे पिशवीत भरून तोंड बांधलं.

लंकाबाईने वरून खालपर्यंत बघितलं. "चाचा, नवरदेव झाले की!" टॉवेल तिच्या खांद्यावर होता, पण तिने उचलला नाही. दारातून बाजूला झाली.

मी आत गेलो. ड्रोन हात पसरून बसला होता. माहेनूरने वर बघितलं. सदऱ्याकडे बघितलं. किती तरी वेळ बघत राहिली.

"नाना, हा सदरा?"

"धुवायला बरा पडतो."

"हो," ती म्हणाली. "बरा पडतो." मग पाठ वळवून टाकी पुसायला लागली. टाकी कोरडी होती तरी पुसत राहिली.

थोड्या वेळाने तशीच पाठमोरी म्हणाली, "मोटरी तुम्ही फिरवून बघता का? माझे हात ओले आहेत."

तिचे हात ओले नव्हते. मी खाली बसलो आणि पहिली मोटर फिरवली.